विहिरीचा दोर

सत्त्याऐंशी सालच्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सकाळी आबांनी आमच्या शिंदखेड्याजवळच्या शेतातल्या विहिरीचा दोर काढला आणि अक्कासाठी निंबाला झोका बांधला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लग्नानंतर ती पहिल्यांदाच अखाजीला माहेरी आली होती. घरात जाड दोर तेवढा एकच होता, आणि बैलांचं पाणी त्यानेच शेंदावं लागे.

आई म्हणाली, "आते बैलेसले काय झोका पाजशात?"

आबा गाठ आवळत राहिले. "बैल रोजना शेतस. पोर वरीसमा एकदाव येस."

गेल्या आठवड्यात इथे शहरात, मेहरूण भागातल्या एका दुकानात अंबाडीच्या ओल्या दोराचा वास आला, आणि तो झोका पुन्हा दिसला. पहाटे पाणी शेंदलेलं असल्यामुळे दोर भिजलेला होता. प्रत्येक हेलकाव्याला त्यातून थेंब सुटत, अक्काच्या कपाळावर आणि खालच्या तापलेल्या धुळीत पडत. निंबाचा बारीक फुलोरा तिच्या केसांत अडकत होता. तिने डोळे मिटले होते. मी सासरचं काही विचारलं की ती पायाने जमीन रेटून झोका वाढवायची. तिला झोप येतेय, असं मला तेव्हा वाटलं. आज तसं वाटत नाही.

आठ दिवस आबा बैलांना मैलभर चालवत नदीच्या डोहावर पाण्याला नेत होते. अक्का सासरी गेली त्या संध्याकाळी त्यांनी झोका सोडला. तोवर दोर पार वाळला होता.