काचेच्या डब्यातलं मशीन

दादा म्हणजे माझे मालक. उलव्यात त्यांचा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे आणि स्टुडिओच्या डोक्यावर त्यांचीच सहा मजली बिल्डिंग. तो प्लॉट त्यांना विमानतळात जमीन गेल्याच्या बदल्यात मिळाला. मी कामोठ्यात भाड्याच्या खोलीत राहतो, गाव साताऱ्याकडं. शाळेत असताना हेडसरांचा आवाज काढून मी दाराआडून अख्ख्या आठवीला हाफ डे दिलेला. मार खाल्ला, पण पोरं अजून नाव काढतात. आयुष्यात मला नीट जमलेली ती एकच गोष्ट, असं घरचे म्हणतात.

दुसरी जमत होती. एडिटिंग.

दादांचं जुनं गाव विमानतळात गेलं. घरं पाडायच्या आधी त्यांनी दोन वर्षं कॅमेरा लावून सगळं शूट करून ठेवलेलं. म्हाताऱ्या माणसांचं बोलणं, देवळाचा उंबरा, मिठागराचे बांध, भिंतीवरची लग्नाची चित्रं. सगळ्या हार्ड डिस्क स्टीलच्या कपाटात, वहिनींच्या साड्यांच्या खाली. मला कामावर ठेवताना दादा म्हणाले, "साताऱ्या, ही फिलम तूच करायची. शेवटी तुझं नाव येनार, मोठ्या अक्षरात."

मी ते घरी फोन करून सांगितलं. आई म्हणाली, नाव येईल तेव्हा फोटो काढून पाठव.

पण स्टुडिओतल्या जुन्या कॉम्प्युटरवर त्यातली एक क्लिप उघडायला घेतली की मी खाली जाऊन चहा पिऊन यायचो, तरी ते उघडतच असायचं. शेवटी दादा म्हणाले, "नवीन घेऊ. काय पायजे ते लिहून दे."

तीन आठवडे मी दुसरं काही केलं नाही. विचारलं, वाचलं, लोकांना पिडलं. आमच्याकडं एकाच मशीनवर सगळं चालणार होतं. पुढं एडिटिंग, मागं हळदीची रील एक्स्पोर्ट, बाजूला अल्बमचं डिझाइन, आणि दुसऱ्या स्क्रीनवर बिल्डिंगच्या पार्किंगचा सीसीटीव्ही, कारण दादांना भाडेकरूंच्या गाड्यांवर लक्ष ठेवायला आवडतं. एवढं पेलणारं मशीन मी एका कागदावर बसवलं. जास्त कोअरचा प्रोसेसर, चौसष्ट जीबी रॅम, दणकट ग्राफिक कार्ड, फुटेजसाठी वेगळी फास्ट एसएसडी. डबा साधा, पत्र्याचा.

दादांना समजावलं, "प्रोसेसर म्हंजे आचारी. रॅम म्हंजे ओटा. ओटा बारका असला की आचारी कितीही भारी असू दे, भांडी खाली ठेवावी लागतात."

"आमची आय खाली बसून पन्नास मानसांचं जेवान करायची," दादा म्हणाले. "तिला कुठं होता ओटा?"

जुईनगरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं कागद वाचला, माझ्याकडं बघून मान डोलावली. मला एकदम ग्रॅज्युएट झाल्यासारखं वाटलं. मग दादांनी विचारलं, "वर काय देतोस?"

हे सांगायला पायजे. दादांची आई मासळी विकायची. वाटा घेतला की गिऱ्हाइकाच्या पिशवीत वर दोन मांदेल्या टाकायच्याच, नाहीतर सौदा पुरा होत नाही, गिऱ्हाईक तिथंच उभं राहतं. केळी असोत, टाइल्स असोत, लिफ्ट असो, दादा भावाचं नंतर बोलतात. आधी वर काय.

"दादा, या कॉन्फिगरेशनवर काही नाही सुटत," दुकानदार म्हणाला. "हां, कार्ड एक नंबर खालचं घ्या, रॅम अर्धी करा, तर वर हा काचेचा कॅबिनेट देतो. लायटिंगवाला. वर खुर्ची, वर हेडफोन."

काचेचा डबा कोपऱ्यात लाल-निळा-हिरवा होत होता. दादा त्याच्याकडं बैल बघावा तसं चारी बाजूंनी बघून आले.

"दादा, फिल्म अडकेल त्याच्यावर," मी म्हणालो.

"अडकंल तं सोडवू. आपन चिखलातनं म्हशी सोडवल्यात." मग दुकानदाराला, "हाच दे. गिऱ्हाइकाला दिसलं पायजे कायतरी."

दोन दिवसांत जोडून देतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी दादा जेवायला वर गेले आणि मी स्टुडिओच्या फोनवरून दुकानात फोन लावला. घसा खाकरला. दादा बोलायच्या आधी एकदा नाकातून हवा सोडतात, तीपण सोडली. "हां, ऐक. त्या पोराचा कागद हाय ना तुज्याकडं, तसंच बनव. डबा साधा दे."

"जी दादा. कन्फर्म?"

"कन्फर्म."

फोन ठेवला तेव्हा मनातून मी नाचत होतो. फिल्म माझीच होती.

संध्याकाळी दादांचा मोबाइल वाजला. त्यांना स्पीकरवरच बोलायची सवय. दुकानदार म्हणाला, "दादा, तब्येत बरी आहे ना? दुपारी तुमी फोन केला, पण वर काय मागितलंच नाही. म्हटलं विचारून घ्यावं."

दादांनी माझ्याकडं बघितलं. मी कीबोर्डवरची धूळ पुसायला लागलो.

मला वाटलं आता खोली खाली करून गावाला. पण दादा म्हणाले, "बोल. माज्यासमोर बोल तसा." बोललो. दादांना इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. वहिनींना वरून बोलावलं. बाजूच्या इस्टेट एजंटला बोलावलं. मी चार वेळा दादा झालो. वहिनी म्हणाल्या, "अगो बाय, नाकासकट."

मला वाटलं, एवढं हसलेत, तर ऐकतील. दादांनी डोळे पुसले, मोबाइल तोंडाजवळ नेला. दुकानदार लाइनवरच होता. "डबाच पाठव रं. काचेचा."

डबा आला, वरची लाल खुर्ची आणि हेडफोनपण आले. वहिनींनी हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. हळदीच्या रील झकास निघाल्या, गिऱ्हाइकं डब्यासोबत सेल्फी काढायला लागली. आणि मी गावाची फिल्म उघडली की तिसरी म्हातारी बोलायला तोंड उघडायची आणि तशीच राहायची. फुटेजच्या हलक्या कॉप्या करून काम होतं, पण त्याला मशीन दोन-तीन दिवस सलग मोकळं पायजे. लग्नाच्या सीझनला ते एक तास मोकळं नव्हतं. दोन महिन्यांत माझी फिल्म जेमतेम बारा मिनिटं झाली.

गाव उठल्यावर बांधलेल्या नव्या देवळाच्या वर्धापनदिनाला फिल्म दाखवायची होती. तो दिवस जवळ आला तसे दादांनी साड्यांखालून डिस्क काढल्या आणि अंधेरीच्या एका स्टुडिओला दिल्या. "तिकडं मशीन भारी हाय," म्हणाले.

"कागदावर तेच लिहिलेलं, दादा."

"हां. बरोबर बोलत होतास तू." इतक्या सहज म्हणाले, की पुढं भांडायला काही उरलंच नाही.

मग अंधेरीवाल्यांना दादांचा आवाज पायजे होता. फिल्मभर दादा गावाविषयी बोलणार. माइकसमोर दादा पहिलीतल्या पोरासारखे वाचायला लागले. तीन दिवस प्रयत्न झाले. चौथ्या दिवशी त्यांनी मला गाडीत बसवून अंधेरीला नेलं. "तू बोल. कुनाला कलतंय?"

वीस मिनिटं मी दादांच्या आवाजात बोललो. इथं आमचं घर होतं, इथं आय टोपली ठेवायची. आईचं नाव आलं की दादा कुठं थांबतात ते मला माहीत होतं. सगळं फुटेज अडकत अडकत का होईना, मी एकट्यानंच बघितलेलं.

देवळाच्या हॉलमध्ये फिल्म लागली. बायका रडल्या, पुरुष चपला शोधायचं नाटक करत खाली बघत होते. ती तिसरी म्हातारी, जिचं तोंड माझ्याकडं कायम उघडं राहायचं, ती पूर्ण बोलली. मग उठून दादांच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "कवरा बरा बोललास रं बाला." दादांनी तिच्या पाया पडून घेतलं. शेवटी नावं आली. संकलन, कुणीतरी. निवेदन, दादा. मी मोबाइल कॅमेरा चालू करून उभा होतो, तो बंद केला.

बाहेर दादा माझ्याजवळ आले. "खूश ना? ती लाल खुर्ची घरी ने तुला."

मी नाकातून हवा सोडली आणि त्यांच्याच आवाजात विचारलं, "आनि वर काय देतोस?"

दादा हसले नाहीत. आधी वळून म्हातारीनं ऐकलं का ते बघितलं. मग म्हणाले, "हलू बोल. मानसं हायत."

खुर्ची मी नेली. तिच्यावर बसूनच हे लिहितोय. पाठीला बरी आहे.