कुंपणाबाहेर न गेलेली खबर

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला आमची पलटण जयपूरला होती. मी हवालदार, नर्सिंग असिस्टंट. ड्यूटी एमआय रूमला, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात. सकाळी सिक रिपोर्ट, मग ड्रेसिंग, दुपारी औषधांचा स्टॉक. आठवड्यातून दोनदा कजोड न्हावी यायचा. त्याचं घर कुंपणापलीकडे, दुर्गापुऱ्याकडच्या वस्तीत. मराठी पलटणींच्या दाढ्या करता करता तो मराठी शिकला होता.

जूनमध्ये लंगरमागे, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरामागे राहणारा लाल कुत्रा चार जवानांना चावला. सेंट्रीने त्याला कुंपणाखालून वस्तीकडे जाताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो परत आला आणि मेला. डोकं तपासणीला पाठवलं. चार दिवसांत रिपोर्ट आला, रेबीज. त्याच संध्याकाळी फॉल-इन झाला. चावलेले चार, लाळ लागलेले सात. अकरा जणांना पोटात चौदा-चौदा सुया. आमच्या माणसांसाठी काही कमी पडलं नाही.

डॉक्टर कॅप्टनसाहेब नागपूरचे होते. मी विचारलं, "सर, कुत्रा वस्तीत गेला होता. तिथे कुणी सांगायचं?"

"सिव्हिलने. हेडक्वार्टरमार्फत पत्र गेलंय."

"तोवर एक जीप, एक भोंगा..."

"विचारलं मी. वरचे साहेब पॅनिक नको म्हणाले. पलटणीच्या लाइनमधली गोष्ट लाइनमध्ये."

तरी त्यांनी माझ्यासमोर पुन्हा फोन लावला. "सर, रिक्वेस्ट परमिशन फॉर अनाउन्समेंट." मग बराच वेळ ऐकत राहिले. "राइट, सर." फोन ठेवला.

सिव्हिलच्या आरोग्य कार्यालयाचं म्हणणं नंतर कळलं. एकही केस नोंदलेली नाही, मग सूचना कशाची द्यायची?

दहा दिवसांनी कजोड माझी दाढी करत होता. व्हरांड्यात जवान पोट धरून रांगेत उभे होते.

"काय हवालदारजी, सगळी पलटण पोटुशी? लंगरमध्ये काय चारलं?"

बोलायची मनाई होती. मी बोललो. "तो लाल कुत्रा पिसाळलेला होता, कजोड. वस्तीत कुणाला चावला असेल तर आजच घेऊन ये."

वस्तरा थांबला.

"लंगरवाला? मला चावला ना तो." त्याने डावा हात पुढे केला. अंगठ्याजवळ दोन खुणा, भरत आलेल्या. "मिरची लावली. पलटणीचा कुत्रा, मतलब चांगलाच असणार."

कॅप्टनसाहेबांनी परवानगी मागितली नाही. पहिली सुई त्याच तासाला दिली. "कुणी विचारलं तर मी बघतो," एवढंच म्हणाले.

त्यानंतर तो रोज आला. पोट उघडं करून म्हणायचा, "आता मी पण पलटणीचा."

आठव्या सुईच्या सकाळी त्याने आधी एका नायकाची दाढी करायला घेतली. मगमध्ये पाणी ओतलं. पाण्याकडे पाहताच त्याचा गळा आवळला, मान मागे गेली, हातातला मग खाली पडला. त्याने पाणी न बघता फडक्याने फरशी पुसली. मग कॅप्टनसाहेबांकडे पाहिलं.

"सुई देणार ना, साब?"

साहेबांनी सुई दिली. आता तिचा उपयोग नव्हता; ती कशासाठी, ते आम्हा दोघांना ठाऊक होतं. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तो तिसऱ्या दिवशी वारला.

आता केस नोंदली गेली. आठवड्याभरात भोंगा लावलेली सरकारी जीप वस्तीत आली. लाल कुत्रा चावलेल्या माणसांनी ताबडतोब दवाखान्यात यावं. कजोडच्या दाराशी त्याचे दोन भाऊ बसले होते, मुंडन केलेले. जीप तिथेही थांबली. सूचना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि पुढे गेली. भाऊ उठले नाहीत.

दरवर्षी पलटणीच्या स्मृतिदिनाला मी जातो. नंबर, रँक, नाव, अशी यादी वाचतात. कजोडला नंबर नव्हता, रँक नव्हती. शेवटचं नाव झालं की बिगुल वाजण्याआधी क्षणभर शांतता असते. त्याचं नाव तेवढ्यात बसतं.