वरच्या पट्टीत निसटणारी कवळी

"हे घ्या तुमचं सामान," असं म्हणून गुरुजींनी स्टीलचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. डब्यात पाणी, पाण्यात कवळी. मीच बनवलेली, अजून नवीकोरी.

"काय झालं गुरुजी?"

"पळपुटी आहे," ते म्हणाले, आणि उपरण्याने तोंड झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

मी सावली नावाच्या गावात दातांचा दवाखाना चालवते. इकडे जो तो तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळतो, त्याच्या कृपेने पेशंटची कमी नाही. पण गुरुजींनी कधी खर्रा खाल्ला नाही, त्यांचे दात आपले वयाने गेले. रिटायर्ड हेडमास्तर, गावच्या मंदिर समितीचे अध्यक्ष, भजन मंडळाचे मुख्य गायक. बोलणं मोजकं, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. अशा माणसाने कवळी परत आणली म्हणजे प्रकरण गंभीर.

ते सांगेनात, म्हणून त्यांच्या बायकोने, शांताबाईंनी सांगितलं.

"सोमवारचं भजन होतं मंदिरात. हे गाऊन राह्यले होते. आन् डॉक्टरबाई, किती वर्षांनं हा मानूस असा गायला! डोळे मिटून, मान मांगं टाकून, खंजिरी अशी वर धरून. मी म्हटलं, आला माहा जुना नवरा वापस! तं यायनं वरची पट्टी लावली आन्..."

"शांते!" गुरुजी कॅलेंडरकडे बघतच ओरडले.

"आन् कवळी बाहेर! सीधी पेटीवाल्याच्या मांडीवर. तो बिचारा पेटी सोडून उभाच राह्यला."

मी मास्क नाकावर ओढून घेतला. मास्कचा हा एक फायदा कॉलेजात कोणी शिकवत नाही.

मंदिरात सगळे हसले. गुरुजी उठले, चपला घातल्या आणि घरी गेले. सकाळी त्यांनी जाहीर केलं की आपण यापुढे भजन गाणार नाही. शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत हे मंडळ दरवर्षी गातं. त्यासाठी दुसरा गायक पाहा, असा निरोपही धाडला.

"मंग आता कवळी नीट करून काय उपयोग?" मी विचारलं.

"जेवाले लागते," गुरुजी म्हणाले. मग जरा थांबून, "बाई, समितीचा अध्यक्ष आहो मी. माहे शिकवलेले पोरं हासून राह्यले. एक डाव स्वतःले इसरलो, तं हे असं झालं. आता नाई इसरत."

हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं. माणूस किती वर्षांनी देवापुढे मोकळा होतो, आणि माझ्याच हातची कवळी त्याला तोंडघशी पाडते! शांताबाई हळूच म्हणाल्या, "दात गेल्यापासून हा मानूस देवापुढं बी तोंड झाकून उभा राह्यते. गानं गेलं तं मंग राह्यलं का?"

कवळी तपासायला घेतली. वरची कवळी कशाच्या आधाराने राहते, हे पेशंटना कोडंच असतं. गोंद नाही, खिळा नाही. ओल्या ताटलीवर ओला ग्लास ठेवला की चिकटतो ना, तोच प्रकार. टाळू आणि कवळी यांच्यामध्ये लाळेचा पातळ थर आणि कडा चारी बाजूंनी बंद. कडेतून हवा शिरली की खेळ खलास.

मी कवळी बसवली, धरून ओढली. हलेना. फुटाणे दिले, ते त्यांनी कडाकडा चावले. बोलायला लावलं, तर पाच मिनिटं न थांबता बोलले, तेही कवळीच्या विरोधात. कवळी जागच्या जागी.

"आता गा," मी म्हटलं.

गुरुजी ताठ बसले, घसा साफ केला आणि शाळेच्या मैदानात प्रार्थना म्हणावी तसं एक कडवं म्हटलं. कवळी जागच्या जागी.

"असं राह्यते का भजन?" शांताबाई फिसकन हसल्या. "हा तं हजेरी घेऊन राह्यला!"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. कवळीचं माप घेताना तोंडात घालायच्या ट्रेच्या कडेला एक मऊ केलेली कांडी लावतात, साधारण लाखेसारखी. ट्रे तोंडात असताना पेशंटने तोंड मोठं उघडायचं, गाल हलवायचे. मग गालाचे स्नायूच दाबून दाबून कडेला आकार देतात. पेशंट तोंड जेवढं उघडेल तेवढ्यापुरतीच कवळी टिकते. कड जरा लांब राहिली तर मोठा आ केल्यावर गाल तिला खाली ढकलतात. माप घेताना मी "मोठं उघडा, मोठं उघडा" करून थकले होते. गुरुजींनी दोन बोटं मावतील एवढंच उघडलं होतं. बोळकं दिसेल ना! म्हणजे कवळी हेडमास्तरांच्या मापाची झाली होती. आणि भजन गाणारा माणूस दुसराच होता.

"माप पुन्हा घ्यायचं," मी म्हटलं. "या खेपेला गाताना."

"बिनदाताचा? इथी? बाहेर लोक बसले आहेत!"

"ते आपापल्या दाढा धरून बसलेत, गुरुजी. तुमच्याकडे बघायची कोणाला हौस आहे?"

ट्रे तोंडात ठेवला. उघडलं दोन बोटं. कांडी घट्ट होऊन गेली. पुन्हा गरम केली, पुन्हा ठेवला. पुन्हा दोनच बोटं! मी चिडले. बाहेर रांग लागलेली आणि इथे आमचा लाजाळूचा खेळ चाललेला. "गुरुजी, देवापुढे गाता की इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबापुढे?" असं मी बोलूनही गेले.

शांताबाई कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हत्यारांचा रिकामा स्टीलचा ट्रे उचलला, त्यावर थाप मारली आणि सोमवारचंच महादेवाचं भजन सुरू केलं. काय भयंकर गात होत्या! सूर एकीकडे, ठेका भलतीकडे. गुरुजींच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी बोट हलवून ठेका दाखवला. शांताबाईंनी मुद्दाम अजून बिघडवला. "अंऽहं!" गुरुजी ट्रेसकट गुरगुरले. आणि मग त्यांना ते असह्यच झालं. त्यांनी भजन ओढून स्वतःकडे घेतलं.

तोंडात ट्रे, त्यामुळे शब्द नाहीत. नुसता आ आणि ओ. पण काय आवाज होता! मान मागे गेली, डोळे मिटले, जबडा मोकळा सुटला. इतक्या भेटींत मला पहिल्यांदा त्यांची पडजीभ दिसली. ट्रे धरून मीही त्यांच्याबरोबर डावी-उजवीकडे डोलत होते.

कड घट्ट झाली तसा ट्रे काढला. "झालं गुरुजी," मी म्हटलं. ऐकतो कोण? आता शब्दही फुटले, सगळे फुसफुसणारे. बाहेरून टाळ्यांचा ठेका आला. इंजेक्शनने अर्धा जबडा बधिर झालेला एक गडी दारात उभा राहून वाकड्या तोंडाने साथ देऊ लागला. मी काही फार देवभोळी नाही. पण त्या दिवशी ग्लोव्हज घातलेल्या हातांनी डोळे पुसता येईनात, एवढं सांगते.

भजन संपलं. गुरुजींनी डोळे उघडले, दारातली गर्दी पाहिली. हात उपरण्याकडे गेला.

"झाका, झाका," शांताबाई म्हणाल्या. "सारा दवाखाना पाहून चुकला, आता झाका!"

हात तिथेच थांबला. आणि गुरुजी हसले. सहा महिन्यांचं बाळ हसतं तसं, सगळं बोळकं उघडं टाकून.

दुरुस्त कवळी दिली. शिवरात्रीला दवाखाना बंद ठेवून मी मार्कंड्याला गेले. लोकांना सांगितलं दर्शनाला. खरं म्हणजे कवळी बघायला.

वैनगंगेच्या काठी सतरंजीवर मंडळ बसलं होतं, मधोमध गुरुजी. पहिलं भजन, वरची पट्टी. मी श्वास धरला. तोंड पुरतं उघडलं आणि कवळी तसूभर हलली नाही! आनंद कोणाला सांगू असं झालं. शेजारी एक फुगेवाला होता, त्यालाच सांगितला. तो घाबरून पुढे सरकला.

दुसऱ्या भजनाआधी गुरुजींनी तोंडात हात घातला, कवळी काढली आणि शांताबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती पदराच्या गाठीत बांधली. गर्दीत हशा पिकला. सगळ्यांत आधी हसले ते गुरुजीच. मग खंजिरी वर धरली आणि असे गायले की बसल्या जागेवरून केव्हा उठले, केव्हा नाचायला लागले, त्यांचं त्यांनाही कळलं नसेल. समितीचे अध्यक्ष!

भजन संपल्यावर मी तणतणत गेले. "काऊन काढली, गुरुजी? टिकली होती की चांगली!"

"टिकली नं, बाई. फर्स्ट क्लास. पन ध्यान सारं तिकडंच. जीभ लावू लावू पाहून राह्यलो, हाय का, हाय का. महादेव राह्यला बाजूलेच."

"आणि लोक हसले ते?"

"हासू द्या नं. मी बी हासलो." त्यांनी घाम पुसला. "अवो बाई, देवानं मले पैल्यांदा पाह्यलं, तवा माह्या तोंडात कोनते दात होते?"

 

तेव्हापासून कवळी हातात देताना मी पेशंटना सूचना बदलून सांगते. जेवताना घाला, लग्नात घाला, फोटो काढताना घाला. भजनात तुमचं तुम्ही पाहा.