धामापूरच्या तळ्यावर मावशी

आचऱ्याहून येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरने शाळेच्या फाटकाशी गाडी थांबवली आणि खाली उतरून हळू आवाजात सांगितलं, "मास्तरानु, तुमची मावशी गेली." त्याला महिना होऊन गेला. वर्गात शिकवताना अजून मध्येच हातातला खडू थांबतो…

माझ्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला, आणि ते जानकीमावशीच्या डोक्यावरच्या मासळीच्या पाटीमुळे. मी शिकायला तिच्याकडे आलो त्याच्या आदल्याच वर्षी तिचे यजमान वादळात होडीसकट नाहीसे झाले होते. प्रेत मिळालं नाही. आमच्यात अशा बाईने कुंकू पुसायचं नसतं. बारा वर्षं वाट पाहायची, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. बारा वर्षं केव्हाच उलटली. भावाचा आत्मा अडकून पडलाय, असं म्हणत दीर दरवर्षी विषय काढत. पण तिच्या तोंडून 'गेले' निघाल्याशिवाय क्रिया करणार कशी? ती पाटी उचलून बाजाराला निघून जायची.

मला नोकरी लागली त्या उन्हाळ्यात धामापूरच्या तळ्यावर मोटरबोट आली होती. मावशीला मी हौसेने घेऊन गेलो. हातभर हिरव्या बांगड्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. गोड्या पाण्यात कसली होडी फिरवतात, हा पोरखेळ, असं वाटेत तिचं चाललं होतं. बोट सुटली. काठच्या पोफळी, देवीचं देऊळ, मागचे डोंगर पाण्यात उलटे उतरले होते. बाकीचे बोटं दाखवत होते. मावशी यंत्राकडे पाहत होती. तळ्याच्या मध्यावर चालवणाऱ्याने ते बंद केलं. झाडाचं पान हलत नव्हतं. मग त्याने यंत्राची दोरी ओढली आणि बोट सरळ काठाकडे निघाली.

"वारो उलटो आसलो तरी जाता?" तिने त्याला विचारलं.

"जाता गो मावशे. वाऱ्याक कोण इचारता?" तो हसला.

ती हसली नाही. काठ जवळ आल्यावर माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तेंच्याकडे नुसता शीड होता रे… गेले ते."

पुढच्या अमावास्येला क्रिया झाली. बांगड्या तिने स्वतःच्या हाताने फोडल्या.

मावशीचं दिवसकार्य केव्हाच आटोपलं; परवा तिच्या पडवीत बसलो होतो. माझ्या लहानपणी मावशी तिन्हीसांजेला पायरीशी गोड्या पाण्याची कळशी भरून ठेवायची. समुद्रावरून येणाऱ्या माणसाला पायांचं खारं पाणी धुवायला. मला तिने त्या पाण्याने कधी पाय धुऊ दिले नाहीत, विहिरीवर पिटाळायची. क्रियेनंतर ते थांबलं असेल, असं मी धरून चाललो होतो. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, कुठलं थांबतंय, गेली त्या संध्याकाळीही भरली होती.

"आमी कदी इचारूक नाय," त्या म्हणाल्या.

मी वाकून पाहिलं. जांभ्याच्या पायरीत कळशीच्या बुडाएवढा गोल खळगा पडला आहे.