टँकरवाल्याची दोन कडवी

खटक्यानं चुकीची फाईल सोडली, आणि त्याच्या हातून लोकांना आवडलेलं काम झालं ते तेवढं एकच.

बटणं दाबत बसायची खोड म्हणून त्याला लहानपणीच हे नाव पडलं. घाबरटपणावरून पडलं असतं तरी शोभलं असतं. थोरल्या बहिणीनं गाद्यांच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेऊन ‘खणखणाट रेकॉर्ड्स’ ही रॅप गाण्यांची कंपनी काढली, तेव्हा रेकॉर्डिंगचं लोढणं याच्या गळ्यात आलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना खालच्या दुकानातल्या उसवलेल्या गाद्या ठोकल्या होत्या. माईक एक, कॉम्प्युटर एक आणि गायकही एकच. तो दर ओळीआधी नाकातून शिट्टी काढत श्वास घ्यायचा, म्हणून कुकर.

कुकरची रीत अशी, की शब्द लिहिण्याआधी ठेका बसवायला तोंडाला येईल ते बरळायचं. खटक्या ते जपून ठेवी आणि मग त्यावर खरे शब्द चढत. त्या दिवशी खाली पाण्याचा टँकर हॉर्न बडवत उभा होता, म्हणून कुकर बरळला, ‘टँकर भरलेला, मालक रिकामा, डोक्याच्या टाकीत थेंब नाही कामाचा.’ खटक्यानं खऱ्या गाण्याऐवजी नेमकं हेच इंटरनेटवर चढवलं.

टँकरवाला त्या खोलीचाच मालक होता. गावाचं अर्धं पाणी त्याचं आणि उरलेलं अर्धं त्याच्या परवानगीनं.

चूक कळली तेव्हा खटक्याच्या तोंडचं पाणी पळालं. “ताई, उतरवतो लगेच!”

“हात लावलास तर बोटं मोडीन. किती जणांनी ऐकलंय बघ जरा.”

“अगं, पण चूक आहे ती.”

“चूक घरात म्हणायचं. बाहेर धाडस म्हणायचं.”

धाडस चांगलंच खपलं. सलूनमध्ये, बसमध्ये, शाळेच्या मैदानावर तेच गाणं. चार नवे गायक दाराशी आले, दुसरा माईक आला, ताईनं फिरती खुर्ची घेतली. खटक्या मात्र भिंतीला पाठ लावून चालू लागला. टँकर दिसला की दिसेल त्या दुकानात शिरायचा. एकदा काय घ्यावं ते सुचेना, तेव्हा लहान मुलीचा हेअरबँड घेऊन बाहेर पडला.

आणि एका दुपारी टँकरवाला जिना चढून आला. एकटाच. माणसं आणली असती तर परवडलं असतं, निदान किती आहेत ते कळलं असतं. तो फिरत्या खुर्चीत बसला आणि त्यानं हळूहळू एक गिरकी घेतली. कुकरचा श्वास शिट्टीसकट आत अडकला.

“मालक, ते चुकून गेलं,” खटक्या बोलून बसला. “ठेक्यासाठी नुसतं तोंडाला येईल ते म्हणतो हा.”

“म्हणजे मुद्दाम नाही म्हटलंत?”

“नाही हो!”

“मुद्दाम म्हटलं असतं तर रागाच्या भरात म्हटलं म्हणून सोडून दिलं असतं,” टँकरवाला शांतपणे म्हणाला. “न ठरवता तोंडात येतं ते पोटातलं असतं. माझा नातू जेवताना तुमचं गाणं माझ्या तोंडावर म्हणतो. आता माझ्यावर दोन कडवी करा. चांगली. खोली हवीय ना? आणि पोराचे हातपाय?” त्यानं कुकरच्या गुडघ्यावर थोपटलं, अगदी मायेनं.

पहिलं कडवं त्याच आठवड्यात झालं. कुकरनं दानशूर, दयाळू, सगळं म्हटलं. लोकांनी एकदाच ऐकलं आणि थुंकले. ‘विकले गेले’ म्हणत चारही गायक निघून गेले. कुकर पहाटेची गाडी पकडून मामाकडे गेला आणि त्यानं नंबरच बदलला. माईक विकले. ताई खालीच गाद्या विकायला बसली. खणखणाट संपला.

खटक्या आता कोपऱ्यावरच्या दुकानात मोबाईल दुरुस्त करतो. परवा टँकर दारातच थांबला. ड्रायव्हरनं खिडकीतून मान काढली.

“मालक विचारतात, दुसरं कडवं कुठंय?”

खटक्याच्या हातातला स्क्रू घरंगळला. “जुळवतोय म्हणावं.”

“मागच्या खेपेलाही हेच म्हणालास.”

“हो ना. जुळतंय हळूहळू.”

ड्रायव्हरनं मान हलवली आणि गाडी पुढे काढली. खटक्या खाली वाकून स्क्रू शोधत बसला. कडव्याची अजून एक ओळसुद्धा झालेली नाही.