खटक्याशेजारची दोन भोकं

आमचे भाऊजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, बँडची वाद्यं दुरुस्त करतात. जुना ड्रम आला की आधी कारखान्याच्या नावाचा बिल्ला बघणं नाही. "बिल्ला काय, कुणीही ठोकतं. पोट उघडून दाखव म्हणावं." मग चामडं उतरवून आत बॅटरी मारतात, सांध्यावरून बोट फिरवतात, चक्क वास घेतात. तेव्हा हाक मारली तर ऐकू जात नाही. जपाला बसले की माझंही तसंच, म्हणून मी चहा नुसता ठेवून येते.

आज वारलेल्या बँडमास्तरांची बायको त्यांच्या मागे राहिलेला स्नेअर ड्रम घेऊन आली. खाली तारा ताणलेल्या असतात, काठी पडली की खर्रकन वाजतो, तो. संगीतशाळा तो मास्तरांच्या नावासह कपाटात मांडणार. पण मूळ घडला तसाच, काही फेरफार न झालेला असेल तरच, आणि तसं भाऊजींनी लिहून द्यायचं.

"नीट बघा हो मिस्त्री. चष्मा तरी पुसा."

"पुसलाय, मास्तरीणबाई. डोळेच जुने झालेत."

घेर एकाच फळीचा, वाफेवर वाकवलेला. ऐंशी वर्षांचा तरी. बिल्लाही खरा निघाला. बाईंचा चेहरा उजळला. मग भाऊजींचं बोट एका जागी थांबलं. तारा ताणायच्या खटक्याशेजारी दोन भोकं खुंट्यांनी बुजवलेली होती. बाहेरून रंग असा बेमालूम की कळूच नये.

"कुणा मेल्यानं केलं हे?" बाईंनी विचारलं.

"मीच. खुंटी तिरकी कापायची खोड माझीच. मास्तरांना नवा खटका हवा होता, मी गिरमिटानं भोकं पाडली. पुढे जुनाच परत बसवला. पार विसरलो होतो."

"मग नका ना लिहू! तुमच्याशिवाय कोण पोट उघडून बघतंय? त्यांचं नाव दुसरं कुठेच नाही हो."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मनात देवाचं नाव घेतलं. त्यांनी कागद ओढला. घेर, वय, बिल्ला, सगळं लिहिलं. खाली लिहिलं : दोन भोकं नंतरची, पाडणारा मी. सही केली.

बाईंनी वाचलं, ड्रम छातीशी धरला आणि निघाल्या.

"कागद राहिला," भाऊजी दारातून म्हणाले.

त्या वळल्या नाहीत. आज प्रार्थनेत मी दोघांसाठीही मागितलं. आधी बाईंसाठी.