सखूअक्का आणि राखेचं घर

आमच्या शेजारच्या सखूअक्का अंगणातून चालताना मध्येच थांबत. पोरांनी जमिनीवर राखेने घर आखलेलं असे. रेघेत एके ठिकाणी वीतभर जागा मोकळी, तेच दार. डोक्यावर पाण्याची घागर असली तरी अक्का वहाणा बाहेर काढीत आणि विचारीत, "येऊ का वं बाई, तुन्हा घरमा?" आतून 'ये' म्हटल्याशिवाय पाऊल टाकीत नसत.

अक्का मूळच्या साक्रीकडच्या. लेकीच्या बाळंतपणासाठी धुळ्याला आल्या आणि राहिल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची ती वर्षं. मी नुकताच बी.ए. होऊन तिथे मास्तर झालो होतो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी पाटीला हात लावला नव्हता. पहूरच्या शेतात राबून वडिलांनी मला शिकवलं. म्हणून माझ्या कमलने चौथ्या वर्षीच अक्षरं गिरवावीत, असा माझा हट्ट. खेळ म्हणजे मला फुकट गेलेली सकाळ वाटे. अक्का हसत. "पोर खेळस नही भाऊ, काम करस," म्हणत. गडी नांगराशी असला तर आपण त्याला उगाच हाक मारत नाही, मग पोराचं काम तेवढं का मोडायचं, असं त्यांचं म्हणणं. मी मान डोलवी आणि विसरून जाई.

एका रविवारी शाळेतले दोघे मास्तर घरी आले. बोलण्याच्या नादात मी त्यांना घेऊन सरळ कमलच्या घरावरून गेलो. भिंत पुसली, चुलीचे तीन खडे उडाले. ती रडली नाही. उठून पाटी घेऊन आली आणि आमच्यासमोर गिरवायला बसली. पाहुण्यांनी शाबासकी दिली. मलाही धन्य वाटलं.

मग रोजच तसं होऊ लागलं. माझी चाहूल लागली की अंगणातला आवाज थांबे आणि कमल पाटी धरून बसे. आठवडाभर मी खूश होतो. शेवटी अक्कांनी मला ओट्यावर गाठलं. "भाऊ, तू इतली बुकं शिकना, पन दार नही दिसनं तुले?" आणि मग हळूच म्हणाल्या, "पोरगी तुले भ्यास."

पोर मला भिते, या बोलण्याचा मला आधी राग आला. रात्री मात्र जेवण गेलं नाही.

सकाळी मला पाहताच कमल पाटीकडे निघाली. मी रेघेबाहेर वहाणा काढल्या आणि विचारलं, येऊ का. तिने आतल्या चिंधीच्या बाहुलीकडे बोट केलं.

"बाळ निजलंय," ती म्हणाली. "थांबा जरा."

मी थांबलो. शाळेची वेळ होत आली होती. पलीकडे अक्का डाळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. बाळ उठल्यावर मला आत घेतलं गेलं आणि मातीची भाकरी वाढली गेली. त्या दिवशी मी प्रथमच शाळेत उशिरा पोचलो.

अक्का पुढे साक्रीला परत गेल्या आणि तिथेच वारल्या. मला शिकवणारे पुष्कळ झाले, पण त्यांच्याइतकं थोडक्यात कुणी शिकवलं नाही. शाळेत उशीर झाला त्या दिवशी संध्याकाळी मी घरी आलो, तेव्हा कमलने एकदा वर पाहिलं आणि पुन्हा आपला मातीचा भात ढवळू लागली.